१२ वाजून ४१ मिनिटांचा फोटो

मुंबईत मढच्या समुद्रकिनारी खडकांवर मे महिन्यात झालेल्या एका कॅटलॉग शूटचं हे प्रकरण आहे. त्या दिवशी कपड्यांची जबाबदारी माझ्याकडे होती. हे काम मी चौदा वर्षं करते आहे. उन्हाने जिच्या जिवावर बेतलं त्या मॉडेल मुलीने हा मजकूर वाचलाय आणि छापायला हो म्हटलंय. तिचं, कंपनीचं किंवा फोटोग्राफरचं नाव मी कुठेच घेणार नाही. नावं घेतली की बोलणं त्या चार माणसांपुरतं उरतं, आणि असे दिवस मुंबईत दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे घडत असतात.

पुढच्या वेळा मी अंदाजाने लिहिलेल्या नाहीत. कॅमेऱ्यातल्या प्रत्येक मूळ फाइलवर सेकंदापर्यंतची वेळ नोंदलेली असते. फोटोग्राफर सरांनी त्या दिवसाच्या सगळ्या फाइल्स माझ्यापुढे उघडल्या. एका रविवारी आम्ही दोघं बसलो आणि कोणता लुक, म्हणजे कोणता पोशाख, किती वाजता सुरू झाला, मध्ये किती वेळ कॅमेरा शांत होता, ते सगळं कागदावर उतरवलं. तो कागद पाहून सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही नाही.

काम काय होतं

सणासुदीच्या लेहेंग्यांचं कॅटलॉग. नवरात्र-दिवाळीचा माल ऑगस्टमध्ये विक्रीला लागतो, म्हणून त्याचे फोटो मे महिन्यात काढायचे. आमच्याकडे ऋतू नेहमी असेच उलटे चालतात. स्वेटर आणि जॅकेटं उन्हाळ्यात, पोहण्याचे कपडे डिसेंबर-जानेवारीत भल्या पहाटे गार वाऱ्यात. नव्या मुलींना याचं नवल वाटतं, महिन्याभरात तेही वाटेनासं होतं.

चौदा लुक एका दिवसात उरकायचे होते. मुलगी वीस वर्षांची, कल्याणच्या बाजूची. दिवसाचे आठ हजार, त्यातले वीस टक्के काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचे, पैसे पंचेचाळीस दिवसांनी. कॉल टाइम, म्हणजे हजर राहायची वेळ, सकाळी सहाची. म्हणजे पहाटे चारला घर सोडायचं, दादरला गाडी बदलायची, मालाडला उतरून मढपर्यंत रिक्षा. आदल्या रात्री ती जेमतेम चार तास झोपली होती. सकाळी पोटात एक केळं आणि बिनदुधाची कॉफी, कारण चोळीच्या खाली पोट दिसणार होतं. आदल्या संध्याकाळपासून तिने पाणीही कमी केलं होतं. कुणी तरी तिला सांगितलं होतं की पाणी कमी प्यायलं की पोट सपाट दिसतं. हा सल्ला मी इतक्या मुलींच्या तोंडून ऐकलाय की तो नेमका कुठून निघाला हे आता शोधूनही सापडणार नाही.

पाळीचा दुसरा दिवस होता. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी, रुग्णालयात कळलं.

सकाळ

मेकअप झाला तो रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या व्हॅनिटी व्हॅनमध्ये. पहिला फोटो ७ वाजून ३८ मिनिटांचा. पहिले चार लुक एका जुन्या बंगल्याच्या अंगणात आणि गावातल्या गल्लीत झाले. सावली होती, वारा होता, बोंबील वाळवायच्या वलांडी होत्या, काम झपाझप झालं. ती हसतमुख होती. तिचे त्या वेळचे फोटो पाहिले तर डोळ्यांतली हुशारी दिसते.

दहाच्या सुमाराला आम्ही खडकांकडे निघालो. अष्टमीच्या आसपासचा दिवस होता, भांगाचे, म्हणजे मंद भरती-ओहोटीचे दिवस. अशा दिवसांत मुंबईत ओहोटी भर दुपारी येते. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेला, दुपारी बाराच्या आसपास भरती असते आणि खडक पाण्याखाली जातात. क्लायंटला समुद्रातले खडक हवे होते, पाण्याने धुतलेले, काळे. शूटची व्यवस्था बघणाऱ्या प्रॉडक्शनने भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढलं, दहा ते अडीच खडक उघडे राहतील असा हिशेब केला आणि दहा लुक त्या साडेचार तासांत कोंबले. समुद्राने दिलेली वेळ होती, ती पुढे ढकलता येत नव्हती. त्यामुळे त्या खडकांवर मिनिट न् मिनिट मोजलं जात होतं, आणि थांबायचा विषय कुणीच काढत नव्हतं.

मेच्या मध्याला मुंबईत सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो याच काळातला. खडकाला सावली नाही, माणसालाही नाही.

खडकांवर

व्हॅनिटी रस्त्यावर राहिली. खडकांपासून तिथवर जायला आधी शेवाळ आणि कालवं चिकटलेला भाग ओलांडायचा, मग वाळू, मग गावातली गल्ली. लेहेंगा घालून ते जमणारं नव्हतं. कपडे बदलायला आम्ही तिथेच चार बाजूंनी ओढण्या धरून उभ्या राहत होतो. बाथरूम फक्त व्हॅनिटीत.

पाचवा लुक १० वाजून २५ मिनिटांनी सुरू झाला. सहावा ११ वाजून १० मिनिटांनी. सातवा ११ वाजून ५२ मिनिटांनी. हा सातवा लेहेंगा त्या कॅटलॉगचा मुख्य तुकडा होता, म्हणून त्याला सगळ्यात जास्त वेळ. नंतर मी तो वजनकाट्यावर ठेवून पाहिला. घागरा, त्याचा घेर फुलवणारा आतला कॅनकॅन, चोळी आणि दोन ओढण्या मिळून ९ किलो ४०० ग्रॅम. त्यात एक ओढणी डोक्यावर पिनांनी पक्की केलेली. चोळी तिला थोडी सैल होत होती, म्हणून मी मागून सहा क्लिपा लावून ती आवळली. त्या क्लिपा माझ्या हातच्या होत्या. छातीचा भाता पुरता हलणार नाही इतक्या घट्ट, कारण पुढून एक सुरकुती दिसत होती.

तिच्या डोक्यावर दोन मुलं एक मोठा पांढरा स्किमर धरून होती. उन्हाचा प्रकाश चेहऱ्यावर मऊ पडावा म्हणून तो असतो. शॉट थांबला की वाऱ्याने उडू नये म्हणून मुलं तो खाली घेत. म्हणजे कॅमेरा चालू असताना ती सावलीत आणि विश्रांतीच्या वेळी उन्हात. समोरून चंदेरी रिफ्लेक्टर खालून वर तिच्या तोंडावर ऊन फेकत होता. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, हे सगळं बघत होते, आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. चौदा वर्षांत स्किमर असाच धरताना पाहिला होता.

दर काही मिनिटांनी कुणी ना कुणी विचारत होतं, "ठीक आहेस ना?" ती म्हणत होती, "हो." स्पॉटदादांनी स्ट्रॉ घातलेली पाण्याची बाटली तीनदा पुढे केली. लिपस्टिक बिघडू नये म्हणून स्ट्रॉ. पहिल्या खेपेला तिने घोटभर घेतलं, नंतरच्या दोन्ही वेळा मान हलवली. आम्हाला वाटलं, तहान नसेल. तिला ठाऊक होतं की पाणी प्यायलं तर बाथरूमला जावं लागेल, आणि बाथरूमला जायचं म्हणजे लेहेंगा उतरवा, खडक ओलांडा, परत या, पुन्हा नेसवा. अर्धा तास. तिच्यामुळे अर्धा तास गेला असं तिला होऊ द्यायचं नव्हतं.

मध्ये फोटोग्राफरच्या असिस्टंटने तिला धीर म्हणून एक गोष्ट सांगितली. एका परदेशी मासिकाच्या स्विमसूट अंकासाठी मॉडेल केट अप्टन अंटार्क्टिकात बर्फावर पोहण्याच्या कपड्यांत उभी राहिली, २०१३ साली तो फोटो मुखपृष्ठावर आला, जगभर नाव झालं. गोष्ट खरी आहे. तिचा उरलेला भाग त्या मुलाला माहीत नव्हता: त्या थंडीत आपल्याला ऐकू येईनासं, दिसेनासं होत चाललं होतं, शरीर एकेक गोष्ट बंद करत होतं, असं अप्टनने स्वतःच नंतर मुलाखतीत सांगितलं. आमच्या धंद्यात ही गोष्ट नेहमी पहिल्या अर्ध्यापर्यंतच सांगितली जाते.

बारा वाजून गेल्यावर कधीतरी मी तिच्या पाठीमागची क्लिप सरकवत होते. गंमत म्हणून विचारलं, "कितवा लुक गं हा?" ती म्हणाली, "चौथा." मी हसले. म्हटलं, "सातवा आहे, झोप आली का?" तीही हसली.

ती चूक मी आजही मनातून काढू शकलेले नाही. उन्हाने माणसाचं डोकं गोंधळायला लागणं ही शेवटच्या टप्प्याची खूण असते. बोलता बोलता ती खूण माझ्या पुढ्यात आली होती आणि मी हसून क्लिप लावली.

१२ वाजून ४१ मिनिटांचा फोटो अप्रतिम आहे. मान किंचित वळलेली, ओढणी वाऱ्यावर, मागे काळा खडक आणि पांढरा फेस. १२ वाजून ४४ मिनिटांच्या फोटोत फ्रेम रिकामी आहे, खाली कोपऱ्यात लेहेंग्याचा घेर दिसतो.

ती पडल्यावर

ती मागे पडली. कॅनकॅनच्या थरांमुळे कंबर वाचली. डोकं खडकाला लागलं नाही, कारण स्किमर धरणाऱ्या मुलाने स्किमर सोडून तिला धरलं. तो मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. त्या दिवशी सगळ्यात आधी डोकं त्याचं चाललं.

डोळे अर्धे उघडे, हाका मारल्या तर हुंकार, शब्द नाही. अंग चटका बसेल असं तापलेलं. मी चोळीचे हूक सोडायला बसले. नऊ हूक, सहा क्लिपा, डोक्यावरच्या पिना. माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये कात्री होती. मी हूक सोडत होते, कारण तो सॅम्पलचा तुकडा होता, दुसऱ्या दिवशी परत करायचा होता, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "कपड्याला पाणी लागू देऊ नका!" कोण ओरडलं ते मी सांगणार नाही. ते वाक्य माझ्याही मनात होतं. चार मिनिटं अशी गेली. मग मी कात्री काढली आणि नाडी, चोळी, ओढणी सरळ कापली.

गावातल्या एक मावशी वरून आमचं काम बघत बसल्या होत्या. त्या धावत आल्या, मुलीच्या मानेला हात लावला आणि म्हणाल्या, "आंग भट्टीसारखं झालंय पोरीचं. सावलीत घ्या गो. बर्फ आणते." मासळीच्या बर्फाची घमेली भरून त्यांच्या घरची दोन मुलं आली. आम्ही तिला स्किमरखाली घेतलं, ओढणी पाण्यात बुडवून अंगावर टाकली, बर्फ फडक्यात बांधून मानेला, काखेत, जांघेत ठेवला. लाइटदादा रिफ्लेक्टर पंख्यासारखा हलवत होते. तोंडात पाणी घालायला एकजण पुढे आला, मावशींनीच त्याचा हात धरला. पुरती शुद्ध नसलेल्या माणसाला पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. मावशींनी ते कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

१०८ ला फोन केला होता. पण मढ-मार्वे रस्ता एकच आणि दुपारची वेळ, म्हणून शेवटी प्रॉडक्शनच्या गाडीतून बर्फासकट मालाडच्या एका खासगी रुग्णालयात नेलं. गाडीत ती बोलायला लागली. पहिलं वाक्य होतं, "सॉरी ताई, किती लुक राहिले?"

रुग्णालयात पोचल्यावर ताप ३९ च्या वर होता, तोही एवढा बर्फ लावल्यावर. शरीराचं आतलं तापमान ४० च्या पुढे गेलं आणि शुद्ध हरपली की तो उष्माघात, आणि त्यात मेंदू, मूत्रपिंड, यकृत सगळ्यांनाच धोका असतो. डॉक्टर म्हणाले, वाटेत आणि वाटेच्या आधी जो बर्फ लावलात त्याने ती वाचली. आधी थंड करायचं असतं, मग हलवायचं. सलाइन, एक रात्र, दुसऱ्या दिवशी दुपारी घरी.

हे का झालं

सगळ्यांनी पहिलं कारण सांगितलं ते ऊन. त्या दिवशी फोनवर तापमान ३४ अंश होतं. उष्णतेच्या लाटेचा इशारा नव्हता. किनारपट्टीवर हवामान खात्याचा लाटेचा निकष ३७ अंशांपासून सुरू होतो, त्यामुळे मुंबईत बहुतेक मे महिना असा बिनइशाऱ्याचाच जातो. पण दमट हवेत घाम उडत नाही, नुसता निथळतो, आणि घाम उडाल्याशिवाय अंग थंड होत नाही. ३३ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असली तर अंगाला ते ४१-४२ अंशांसारखं लागतं. तेही सावलीत. थेट उन्हात त्यावर आणखी ८ अंशांपर्यंत भर पडू शकते. आणि वर साडेनऊ किलो कापड. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात उन्हाने १४ जणांचा जीव गेला तेव्हा आम्ही सगळेच हळहळलो होतो. ती माणसं मैदानात बसलेली होती. आम्ही आमच्या मुलीला जरीत गुंडाळून खडकावर उभं केलं होतं आणि या दोन गोष्टींचा संबंध आमच्या कुणाच्याही मनात आला नाही.

तिच्या अंगाला उन्हाची सवयही नव्हती. ती सवय व्हायला सात ते चौदा दिवस लागतात, रोज थोडं थोडं वाढवत न्यावं लागतं. आधीचे दोन महिने ती एसी स्टुडिओत काम करत होती.

तरीही माझ्या मते मूळ दोन गोष्टींत आहे.

पहिली बाथरूम. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, वाटू नये. बाथरूम लांब होतं म्हणून तिने पाणी सोडलं, पाणी सोडलं म्हणून घाम आटला. कॉल शीटवर, म्हणजे दिवसाच्या कामाच्या वेळापत्रकावर, जेवणाची वेळ होती, पार्किंग होतं, ओहोटीची वेळ होती, ड्रोनची परवानगी होती. बाथरूम नव्हतं. उन्हात काम करणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी घ्यावं, असं या विषयातली माणसं सांगतात. हिने साडेदहापासून पावणेएकपर्यंत एक घोट घेतला.

दुसरी गोष्ट कळायला मला जास्त वेळ लागला. उन्हाचा त्रास व्हायला लागला की चेहरा लाल होतो, मग उतरतो. तिच्या चेहऱ्यावर प्राइमर, फाउंडेशन, कन्सीलर, ब्लश आणि वरून फिक्सिंग स्प्रे. घाम फुटतो, मेकअपदादा तो दर दोन मिनिटांनी टिश्यूने टिपत होते आणि चोळीच्या आत मी पॅड लावले होते. पुढे तो घाम कमी झाला, तेव्हा दादा मला म्हणाले, "आता बरं आहे, बेस टिकतोय." ओठ कोरडे पडतात; ओठांवर ग्लॉस. नखांचा रंग बदलतो. नखांवर मरून पॉलिश. पाय लटपटतात, कॅनकॅनच्या घेरात पाय दिसतच नाहीत. आणि कळ चेहऱ्यावर येऊ न देणं हे तर मॉडेलचं पहिलं शिक्षण. त्या खडकावर आम्ही अकरा माणसं होतो, आणि त्यांतले निम्मे जण तिच्या अंगावरची प्रत्येक खूण झाकण्याचं काम मन लावून करत होते. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून आम्ही विचारत होतो, ठीक आहेस ना.

१२ वाजून ४१ मिनिटांचा फोटो सरांनी मोठा करून दाखवला. चेहऱ्यावर खरंच काही नाही. डावा हात ओढणीच्या आड आहे. त्या हाताने तिने ओढणीचा काठ असा मुठीत आवळलाय की जरीची किनार चुरगळली आहे. एवढी एकच गोष्ट त्या फोटोत खरी आहे, आणि ती आमच्यापैकी कुणी झाकायला विसरलो म्हणून राहिली.

पैसे आणि कागद

रुग्णालयाचं बिल २३ हजार झालं. प्रॉडक्शन मॅनेजरने खर्चाच्या रोख पैशांतून दहा दिले, उरलेले तिच्या वडिलांनी भरले. सात लुक राहिले म्हणून क्लायंटने अर्धाच दिवस धरला. कोऑर्डिनेटरने तिला समजावलं, "ताणू नकोस, नाव खराब होईल." तिने ताणलं नसतं. सर, मेकअपदादा, लाइटदादा आणि मी, आम्ही चौघांनी मिळून एक मेल लिहिला, फाइलींच्या वेळांसकट. दीड महिन्याने पूर्ण दिवसाचे पैसे आले. बिलाचे तेरा हजार अजून आलेले नाहीत.

कागदावर ती कुणाची कामगार नव्हती. बिल तिने व्यावसायिक म्हणून लावलं होतं, त्यातून दहा टक्के टीडीएस कापला गेला, म्हणजे धंदेवाईक सल्लागाराचा कापतात तसा. १९२३ पासून या देशात कामावरच्या अपघाताच्या भरपाईची कायद्यात तरतूद आहे, पण तिचं दार ठोठवायचं तर आधी आपण कुणाकडे नोकरीला होतो ते दाखवावं लागतं. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत दृक्श्राव्य कामगार अशी व्याख्या आली, लेखी कराराची अट आली, जाहिरातपटही त्यात घेतले. कॅटलॉगच्या स्थिर फोटोंचा मात्र त्या व्याख्येत वेगळा उल्लेख नाही. सिनेमाच्या सेटवर लाइटदादांची, मेकअपदादांची संघटना असते. कॅटलॉगमध्ये उभ्या राहणाऱ्या मुलीच्या मागे कोऑर्डिनेटरचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. न्यूयॉर्कमध्ये जून २०२५ पासून मॉडेलांसाठी कायदा लागू झालाय: आठ तासांच्या वर काम गेलं तर दीडपट दर आणि किमान अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी. दोनच साध्या गोष्टी आहेत त्या. मुंबईत आजघडीला त्या मागायच्या तर प्रत्येक मुलीला एकटीने मागाव्या लागतात, वीस वर्षांची असताना, पंचवीस जणी रांगेत उभ्या असताना.

आता मी कसं काम करते

माझ्या पाऊचमध्ये एक छोटी वही असते. बाहेरचं शूट असलं की प्रत्येक मुलीच्या नावापुढे तीन वेळा लिहिते: शेवटचं पाणी, शेवटचं बाथरूम, शेवटची सावली. ठीक आहेस का असं मी विचारत नाही. "पाणी कधी प्यायलीस?" विचारते, आणि तिचं उत्तर वहीशी जुळतं का बघते. मधूनच कितवा लुक आहे तेही विचारते. चुकलं तर काम थांबतं. मग क्लायंट शेजारी उभा असला तरी.

मेकअपदादांनी त्यांच्या बाजूने एक गोष्ट सुरू केली आहे. मानेची मागची बाजू आणि कानामागचा भाग ते आता कोरा सोडतात, फोटोत येत नसेल तर. ब्लश लावायच्या निमित्ताने तिथे हाताची मागची बाजू टेकवतात. ओलसर आणि गार लागलं तर ठीक. कोरडं आणि गरम लागलं तर ते मला नुसती मान हलवून खूण करतात.

चोळी आवळायला मी क्लिपांऐवजी मागे वेल्क्रोची पट्टी शिवून घेते, एका ओढीत सुटते. स्किमर शॉट थांबल्यावरही डोक्यावरच राहतो. धरणारी मुलं दोनऐवजी तीन लागतात, म्हणजे वाऱ्यातही आळीपाळीने हात मोकळे होतात. खडकांवरचं काम सकाळी साडेनऊच्या आत किंवा संध्याकाळी साडेचारनंतर. त्यासाठी तिथी बघून तारीख धरायची, तारीख धरून मग ओहोटी बघायची नाही. मढला गेलो की त्याच मावशींच्या घरची मोरी आणि संडास दिवसाच्या पैशांवर घेतो. बर्फाची घमेली आधीच सांगून ठेवतो. पाण्यात ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तसंच, एका लिटरला एक.

सगळ्यात अवघड गेलं ते कात्रीचं. काम घेताना मी आता क्लायंटला लेखी विचारते: मुलीची तब्येत बिघडली तर कपडा न विचारता कापला जाईल, चालेल का. दोन कंपन्यांनी लगेच हो म्हटलं. एकीने उत्तरच दिलं नाही. एकीने कळवलं की तुकड्यांची किंमत पाहता हे मान्य करता येणार नाही, आणि ते काम माझ्या हातून गेलं. ज्या मुलीकडे ते गेलं तिला मी ओळखते, माझ्याच हाताखाली शिकली. त्या संध्याकाळी तिला फोन केला, लोकेशन कुठे आहे आणि बाथरूम किती लांब आहे ते विचारलं, आणि वहीच्या पानाचा फोटो पाठवला. थोड्या वेळाने तिचा मेसेज आला: "ताई, चौथा रकाना करू का? शेवटचं खाणं?"

मी माझ्या वहीतही तो रकाना आखून घेतला.